नाशिकच्या हॉटेलात चिनी-मराठी लग्न: तयारी कशी करावी

मुलगी नाशिकची आणि मुलगा सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग किंवा थेट चीनमधल्या घरातला, किंवा याच्या उलट. दोन्ही घरांना मोठं मंगल कार्यालय नको, शहरातलं नीटनेटकं हॉटेल हवं आणि चिनी रीतींचा मान राखला जावा अशी इच्छा. अशा लग्नात बहुतेकांची गाडी पहिल्या बैठकीतच घसरते. डेकोरेटरला ‘चायनीज थीम’ म्हटलं की तो लाल कंदील, सोनेरी ड्रॅगन, कागदी पंखे आणि हमखास जपानी चेरीच्या फांद्या घेऊन येतो. हॉलचं चायनीज रेस्टॉरंट होतं आणि मुलाकडची माणसं कसनुसं हसतात.

चिनीपण सजावटीत नको, कार्यक्रमात हवं. चहाचा विधी, गोल टेबलावरचं जेवण, आणि रंग-आकड्यांचं भान या तीन गोष्टी नीट केल्या तर बाकी हॉल साधा ठेवला तरी चालतो. उलट साधाच शोभतो.

सगळ्यात आधी व्याह्यांना एक प्रश्न विचारा: घर मूळ कुठलं आणि घरात बोलतात काय? मँडरिन, कँटोनीज की होक्किएन? रीती त्याप्रमाणे बदलतात, नात्यांची संबोधनंही बदलतात. इंटरनेटवरची ‘चिनी लग्नाची यादी’ त्यांच्यासमोर ठेवू नका. त्यांच्या घरात काय करतात ते त्यांच्या आजीला किंवा मोठ्या काकूला विचारून लिहून घ्या. तिसऱ्या पिढीतल्या सिंगापूरच्या मुलाला स्वतःला यातलं फारसं ठाऊक नसतं.

तारीख आणि कागदपत्रं

आपल्याकडे चातुर्मास आणि पितृपक्ष टाळतात, त्यांच्याकडे चांद्र पंचांगाचा सातवा महिना टाळतात. तो साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, त्यामुळे इथे भांडण होत नाही. अडचण येते ती फेब्रुवारीत. त्यांचं नववर्ष २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे पंधरा दिवस पाहुणे घर सोडायला नाखूश असतात, विमानाची तिकिटंही महागतात. त्यात १४ फेब्रुवारीमुळे गुलाबाचे भाव चढलेले. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा दोन्हीकडून मोकळा काळ. हवाही बरी, संध्याकाळी लॉनवर शालीखाली बसता येतं.

पण नाशिकची एक जास्तीची गोष्ट आहे: सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर ही अमृतस्नानं. त्या आठवड्यांत खोल्याही मिळणार नाहीत आणि रस्तेही. शिवाय गुरू सिंह राशीत असताना विवाह वर्ज्य मानण्याचा संकेत आहे, आणि तो गोदावरीच्या उत्तर तीरापासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशाला लावतात. म्हणजे हॉटेल नदीच्या उत्तरेला पंचवटीच्या बाजूला की दक्षिणेला मुंबई नाक्याच्या, हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो! घरचे गुरुजी काय मानतात ते हॉलची अनामत भरण्याआधी विचारा.

कायद्याचं लग्न वेगळं धरा. एक बाजू परदेशी असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा निर्धोक मार्ग. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर ३० दिवसांची मुदत, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह व्हायला हवा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार तीन. परदेशी पक्षाला अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या देशाकडून किंवा वकिलातीकडून आणावा लागतो, आणि उशीर नेमका तिथेच होतो. नोंदणी सोहळ्याच्या दिवशीच उरकायचा हट्ट धरू नका. दोन-तीन दिवस आधी शांतपणे करून घ्या.

हॉटेलशी काय बोलायचं

अडीचशे माणसांचं लग्न आणि त्यातले चाळीस परदेशी पाहुणे असं धरू. या आकाराला एक मोठा हॉल, पन्नास-साठ जणांची एक छोटी खोली आणि शक्य तर थोडं लॉन हवं. छोटी खोली चहासाठी. ती त्याच मजल्यावर हवी, कारण आजी-आजोबांना लिफ्टच्या रांगेत उभं करणं बरं दिसत नाही.

करारात दर ताटाचा आहे की हॉलभाडं वेगळं, दर कर धरून की वगळून, किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, आणि तो आकडा किती दिवस आधीपर्यंत कमी करता येतो, हे लिहून घ्या. राखून ठेवलेल्या खोल्या न लागल्यास कोणत्या तारखेपर्यंत विनाशुल्क सोडता येतात तेही. बाहेरच्या डेकोरेटरला आत यायचं शुल्क, जनरेटरचं शुल्क, आणि हॉल किती वाजता ताब्यात मिळतो ही तीन कलमं तोंडी राहतात आणि शेवटच्या बिलात वाढतात. आधीच्या रात्री त्याच हॉलमध्ये दुसरं रिसेप्शन असेल तर सजावटीला पहाटे तीननंतर हात लागतो. अकराच्या मुहूर्ताला ते पुरत नाही.

होमाचं बोलणं थेट हॉटेलच्या इंजिनिअरिंग विभागाशी करा. बंद हॉलमध्ये धूर-संवेदक असतात. ते तेवढ्या वेळापुरते बंद ठेवणं, होमकुंडाखाली वाळूचा थर आणि पत्रा, बाजूला अग्निशामक आणि लक्ष ठेवायला एक माणूस, हे दोन दिवस आधी लेखी ठरवा. लाजाहोमाच्या ऐन वेळी घंटा वाजून अडीचशे माणसं वाहनतळावर गेल्याचे प्रकार घडतात. गालिच्यावर हळद-कुंकवाचा डाग पडला तर अनामतीतून पैसे कापतात, म्हणून मंडपाखाली जाड प्लास्टिक आणि वर चादर.

परदेशी पाहुण्यांची नोंद हॉटेलला २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आठवडाभर आधी पाठवून दिल्या तर रात्री दीडला थकून आलेली माणसं काउंटरवर ताटकळत नाहीत. ओझरला विमानं मोजकीच, त्यामुळे बहुतेक जण मुंबईत उतरतात. तिथून रस्त्याने चार तास धरा, कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी लक्षात घेऊन पाच. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण आमणे ते विमानतळ हा पट्टा अजून वेळ खातोच. लग्नाच्या दिवशी सकाळी कुणालाही उतरवू नका.

वाइन द्यायची असेल (नाशिकमध्ये हा प्रश्न येतोच) तर हॉटेलचा परवाना बँक्वेट हॉलला आणि लॉनला लागू आहे का ते पाहा. अनेकदा तो बारपुरताच असतो. मग राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना लागतो. तो कोण काढणार ते करारात लिहा.

रंग, फुलं आणि उलटं लावलेलं अक्षर

आधुनिक, देखणं म्हटलं की डेकोरेटर पांढऱ्याकडे जातो. पांढरी फुलं, पांढरे पडदे, छतापासून सोडलेले पांढरे कागदी गोल कंदील. चिनी घरात पांढरा कंदील दारावर लागतो तो माणूस गेल्यावर. तो अजिबात नको. पांढरी आणि पिवळी शेवंतीही त्यांच्याकडे अंत्यविधीची. आपल्या हारांत आणि मंडपाच्या माळांत शेवंती भरभरून असते, त्यामुळे हार बांधणाऱ्याला हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने घालतो. मोगऱ्याचा गजरा मात्र कुणाला खटकत नाही.

मग काय वापरावं? नाशिकच्या आसपास पॉलिहाउसचा गुलाब भरपूर होतो. गडद लाल आणि फिकट गुलाबी अशा दोनच छटा घ्या. त्यांच्याकडे मानाचं फूल पिओनी, पण ते इथे सहज मिळत नाही. भरगच्च पाकळ्यांचा गुलाब आणि कार्नेशन जवळजवळ लावले की लांबून तोच भरीवपणा दिसतो. भिंती हस्तिदंती, कापड एकाच लाल रंगाचं, सोनेरी फक्त कडेला. लाल रंग खोलीच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेला की जत्रा दिसायला लागते.

‘जोडसुख’ हे लग्नाचं चिनी अक्षर एकाच जागी, मोठं, वधूवरांच्या मागे लावा. पितळेच्या किंवा लाकडाच्या पत्र्यात लेझरने कापून घेतलं तर दोन-अडीच फुटांचं पुरतं. हे अक्षर डावीकडून-उजवीकडून सारखंच दिसतं, म्हणून कारागिराला वाटतं कसंही लावलं तरी चालेल. पण खाली-वर फरक असतो. त्यात नववर्षाला दारावर दुसरं एक शुभाक्षर मुद्दाम उलटं लावायची पद्धत आहे, तिचे फोटो पाहून हेही उलटं टांगलं जातं. पत्र्याच्या मागे ‘वर’ असा बाण खडूने काढा, आणि लावल्यावर व्याह्यांपैकी कुणाला तरी फोटो पाठवा.

फेट्यांची खरेदी करताना एक जपा: चिनी पुरुषाच्या डोक्यावर हिरवं काही नको. हिरवी टोपी म्हणजे बायको दुसऱ्याच्या नादी लागली, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. नवरदेव, त्याचे वडील, काका, सगळ्यांचे फेटे लाल, केशरी किंवा राणी रंगाचे घ्या. हिरव्या चुड्याला, हिरव्या शालूला काही हरकत नाही.

वधूला संध्याकाळी चिपाव (उभ्या बंद गळ्याचा, अंगाबरोबर बसणारा चिनी झगा) घालायचा असेल आणि तो पैठणीच्या कापडाचा हवा असेल तर चांगली साडी कापू नका. काठ-पदराच्या जरीमुळे कापड कमरेवर ताठ राहतं आणि बसताना चुणी पडते. येवल्यात विणकराकडून बारीक बुट्टीचं, काठ नसलेलं रेशीम तीन ते साडेतीन मीटर विणून घ्या, किमान तीन महिने आधी सांगून. दोन फिटिंग धरा, आणि दुसऱ्या फिटिंगला वधूला गुडघ्यांवर बसवून बघा, कारण चहाला तेच करायचं आहे. उभ्या बंद गळ्यात मंगळसूत्र झाकलं जातं. लांब मंगळसूत्र गळपट्टीवरून बाहेर घ्यायचं आधीच ठरवा, नाहीतर रिसेप्शनच्या सगळ्या फोटोंत ते नाही म्हणून आत्या बोलतील.

चहा

सगळ्या दिवसाचा चिनी गाभा हाच. नवदांपत्य मोठ्यांना नात्याने हाक मारून, दोन्ही हातांनी चहा देतं. मोठी माणसं पितात, आशीर्वाद देतात, लाल पाकीट किंवा सोनं देतात. चहा प्यायला म्हणजे नातं मान्य केलं. म्हणूनच आपल्या मंडळींना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. “नको नको, आत्ताच झाला चहा” हे आपल्या तोंडी सहज येतं. इथे त्याचा अर्थ लग्नाला नकार असा होतो. साखर चालत नसो, उपास असो, निदान ओठाला लावायचा.

क्रम: आधी वराकडचे, मग वधूकडचे. प्रत्येक बाजूला आजी-आजोबा, आईवडील, मग वयाप्रमाणे काका-मामा-आत्या-मावश्या जोडीने. काही घरांत वधूकडचा चहा सकाळी वेगळा होतो, विचारा. नावांची यादी क्रमाने, संबोधन देवनागरीत लिहून, निवेदकाच्या हातात द्या. मँडरिनमध्ये वडिलांची आई नायनाय, आईची आई वायपो; वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना शब्द वेगळे. वधूने ही आठ-दहा संबोधनं व्हॉट्सॲपवर त्यांच्याच घरातल्या कुणाच्या आवाजात मागवून पाठ करावीत. ती नीट हाक मारते का, याकडे तिकडच्या बायकांचे कान लागलेले असतात.

वेळ मोजा. एका जोडीला दोन मिनिटं. चौदा जोड्या म्हणजे अर्धा तास, फोटो धरून पाऊण. यादी वीस जोड्यांवर गेली तर लांबच्या नात्यातल्यांना चार-चारच्या गटाने बसवा.

बसायला हॉटेलचा खोल सोफा घेऊ नका. त्यात आजी मागे जातात, कप घ्यायला वाकावं लागतं आणि चहा सांडतो. सरळ पाठीच्या दोन खुर्च्या, समोर दोन जाड लाल उशा, मध्ये दीड हाताचं अंतर. गुडघे टेकवणं जमत नसेल तर कमरेत वाकलं तरी चालतं. आपल्या बाजूच्या मोठ्यांना चहानंतर वाकून नमस्कार केला की दोन्हीकडचं समाधान होतं.

कप ५०-६० मिलिलिटरचे, कानाविना, दोन-तृतीयांशच भरायचे. चोवीस कप आणा: सोळा फिरतीत, बाकी राखीव. चहा कोरा, दूध नाही. दोन लिटरचं प्रमाण असं: सुकी चिनी लाल बोरं वीस-पंचवीस, चिरा देऊन पंधरा-वीस मिनिटं उकळायची. आच बंद करून अठरा-वीस ग्रॅम उलाँग किंवा चिनी लाल चहा (आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो तो) घालायचा, तीन-चार मिनिटांत गाळायचा. जास्त राहिला की कडू होतो, आणि कडू चहा नेमका टाळायचा असतो. गाळून थर्मासमध्ये. कपात पडताना तो पिण्याजोगा कोमट-गरम हवा. उकळता दिला तर आजोबा फुंकर मारत बसतात आणि रांग अडते.

बोरांऐवजी खजूर घालू नका, चव आणि रंग दोन्ही बिघडतात. काही घरांत चहात कमळाच्या बियाही घालतात, त्यांच्या बाबतीत तर हमखास घोटाळा होतो. मखाणे ही वेगळ्या वनस्पतीची बी. पूजासाहित्याच्या दुकानातला कमळगट्टा बी खरी, पण कठीण काळ्या सालीची; ती तासभर उकळली तरी मऊ होत नाही. सोललेल्या पांढऱ्या बिया हव्यात, त्या रात्रभर भिजवून आतला हिरवा कोंब काढायचा, तो फार कडू असतो. मुंबईतून मागवा किंवा पाहुण्यांना आणायला सांगा. लहान कपात बी-बोर टाकू नका, घशात अडकतं. झाकणाच्या मोठ्या वाट्या असतील तरच दोन-दोन टाका.

ट्रे धरायला एक मदतनीस लागते. त्यांच्याकडे ही बाई नवरा-मुलंबाळं असलेली, सुखी संसाराची पाहतात. आपल्या लेकुरवाळ्या सवाष्णीसारखीच. एक मावशी त्यांची, एक आपली अशी जोडी लावा. दुसरी बाई फक्त पाकिटं आणि दागिने सांभाळेल, वहीत नाव लिहून लगेच पेटीत ठेवेल. पेटीची किल्ली खोलीच्या तिजोरीत.

पाकिटांचं गणित दोन्हीकडे उलटं आहे. आपण शंभरावर एक ठेवतो, १०१, ५०१. त्यांना जोडीला सम आकडा शुभ, आठ सगळ्यांत चांगला, आणि चार नकोच. तेव्हा आपल्या माणसांनी त्यांच्या लेकरांना द्यायची पाकिटं लाल, नोटा कोऱ्या, रक्कम ६०० किंवा ८०० अशी ठेवा. आपल्या नवरीला मात्र आपण ५०१च द्यावेत. आपला रिवाज मोडायचं कारण नाही. पांढरं पाकीट कुणालाच नको. टेबलांच्या क्रमांकात ४ गाळा, खोल्या देताना तिकडच्या वडीलधाऱ्यांना चौथा मजला टाळा. परतभेटीत घड्याळ, छत्री, रुमाल, सुरी नको. तांबट आळीतलं तांब्याचं फुलपात्र आणि पाव किलो बेदाणे एवढी भेट छान होते.

जेवण

दुपारी पंगतीचं मराठी जेवण, संध्याकाळी गोल टेबलावर आठ पदार्थ एकामागून एक. दोन्ही बुफेत घातलं की काहीच धड होत नाही. दहा जणांना सहा फुटी गोल टेबल लागतं. हॉटेलकडे बऱ्याचदा पाच फुटी असतात, त्यावर आठच माणसं नीट बसतात. आधी मोजून घ्या, कारण पंचवीस टेबलांची बत्तीस झाली की हॉलच पुरत नाही.

मंचुरियन आणि शेजवान राइस पाहुण्यांना ओळखू येणार नाहीत. आपल्या पोरांसाठी ठेवायचे तर ठेवा, फक्त पाटीवर ‘चिनी खास’ असं लिहू नका. शाकाहाराची मात्र चांगली सोय आहे. चिनी बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण नसतो, आपल्या जैन पाहुण्यांनाही नको. टोफू, पालेभाज्या आणि शेवया आलं-सोयावर केल्या तर एकच टेबल दोघांना चालतं. पण जैनांना मशरूम चालत नाही आणि आलंही कंदच, त्यामुळे त्यांच्या टेबलाचा रस्सा वेगळा काढायला सांगा. नूडल्समध्ये अंडं आहे का आणि ‘व्हेज’ सॉसमध्ये ऑयस्टर सॉस आहे का, हे आचाऱ्याला बाटली दाखवायला लावून तपासा.

मांसाहारी टेबलं वेगळ्या बाजूला. त्यावर अख्खा वाफवलेला मासा हवाच, डोकं-शेपटीसकट. तुकडे केले की मान गेला. पाऊण ते एक किलोचा जिताडा दहा जणांना पुरतो, दहा-बारा मिनिटं वाफेत. डोकं सर्वांत वडील माणसाकडे वळवून ठेवायचं. मासा थोडा उरलेला चांगला. वेटरला सांगा, ताट घाईने उचलू नकोस. शेवटी लांब नूडल्स, कापून न वाढता.

गोडाला तांगयुआन, म्हणजे पाकातल्या चिकट तांदळाच्या गोळ्या. मोदकाची पिठी इथे चालत नाही, गोळ्या पाण्यात फुटतात. चिकट तांदळाचं पीठच लागतं. आतलं सारण त्यांच्याकडे काळ्या तिळाचं. आपल्याकडे काळे तीळ म्हणजे श्राद्ध, म्हणून शेंगदाणा-गुळाचं करा. ते सारणही चिनी घरांत चालतं.

दिवसाचं वेळापत्रक

मुहूर्त अकराच्या आसपास असेल तर साडेनऊला देवक आणि पुण्याहवाचन उरकलेलं हवं. गुरुजींना सप्तपदीचा अर्थ इंग्रजीत सांगणारा एक भाचा जोडा. दर विधीला दोन वाक्यं, जास्त नको. अक्षता छोट्या लाल पुड्यांत वाटा आणि परदेशी पाहुण्यांना आधी सांगा, ‘सावधान’ ऐकलं की हलकेच टाकायच्या, नेम धरून मारायच्या नाहीत.

जेवणं दीडपर्यंत, मग विश्रांती. चहा साडेचारनंतर. काही घरांना घड्याळाचा मोठा काटा वर चढत असताना विधी सुरू झालेला आवडतो, म्हणून ४:३५ लिहा. संध्याकाळचं जेवण साडेसातला म्हणजे साडेसातलाच. एकामागून एक वाढायच्या जेवणात उशिरा आलेल्याला पहिले तीन पदार्थ मिळत नाहीत, हे आपल्या नातेवाइकांना पत्रिकेतच कळवा. तिसऱ्या पदार्थानंतर नवदांपत्य टेबलाटेबलावर जाऊन ‘गानबेई’ म्हणत पेला उंचावतं. दर टेबलाला दोन मिनिटं धरली तर पंचवीस टेबलांना जवळजवळ तास जातो, आणि तेवढ्यात त्या दोघांचं जेवण गार होतं. वधूच्या पेल्यात द्राक्षाचा रस असू द्या, त्यांच्या वाटचं ताट झाकून वर खोलीत पाठवा. लॉनवर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, त्यामुळे गाणी बाहेर ठेवायची असतील तर आठव्या पदार्थाची वाट न पाहता सव्वानऊलाच सुरू करा.

हॉटेलचा अंतिम हिशोब त्या रात्री करू नका. वापरलेल्या ताटांची मोजणी मात्र त्याच रात्री, दोन्ही जेवणांनंतर, घरच्या एका माणसाने बँक्वेट कॅप्टनसोबत उभं राहून करावी आणि आकड्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.